नवा खुबा आणि विरळ होणारे हाड

"ऑपरेशन झाले, दादी चालू लागल्या. आता दवाखान्यात कशाला जायचे?" असे अनेक घरांत म्हटले जाते. मलकापूर किंवा मेहकरहून अकोल्याला, छत्रपती संभाजीनगरला जायचे तर अख्खा दिवस आणि गाडीभाडे जाते, हे खरे. तरीही ही फेरी चुकवू नये.

हाड जिवंत असते. भार पडतो तिथे ते मजबूत होते, भार हटला की विरळ होते. बर्लिनचे डॉक्टर यूलियस वोल्फ यांनी हा नियम १८९२ मध्ये मांडला. खुबा बदलताना मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवतात. स्टील हाडापेक्षा सुमारे दहापट ताठ, टायटॅनियम पाच-सहा पट. त्यामुळे भार दांडाच उचलतो आणि वरच्या भागातले हाड रिकामे बसून विरळ होत जाते. काही वर्षांनी दांडा सैल होऊ शकतो, किंवा साध्या पडण्यानेही हाड मोडू शकते.

हे आधीच कळावे म्हणून संशोधक संगणकाची मदत घेतात. सीटी स्कॅनवरून हाडाचे चित्र काढून त्याचे हजारो बारीक तुकडे पाडतात आणि प्रत्येकावरचा ताण मोजतात. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर १५० ते १८० किलो! दांड्याची लांबी, जाडी, धातू बदलून हा हिशेब पुन्हा मांडता येतो. आयआयटी मुंबईतही कृत्रिम सांध्यांची रचना संगणकावर करण्याचे काम झाले आहे.

पण संगणक घरी येऊन सांभाळणार नाही. जमिनीवर बसणे, उकिडवे बसून वजू करणे, सजदा यांत खुबा खूप वाकतो आणि सांधा निखळण्याची भीती असते. आपल्याला काय चालेल, हे सर्जनलाच विचारावे. आजाऱ्याला बसून, तेही न जमल्यास इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आहे. खुर्ची घेण्यात कमीपणा मानू नये.

लक्षात ठेवा :
• दुखत नसले तरी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला एक्स-रे काढा. जुने एक्स-रे जपून ठेवा, कारण फरक तुलनेतूनच कळतो.
• सांध्याचे कार्ड किंवा स्टिकर कागदपत्रांसोबत ठेवा.
• मांडीत नवे दुखणे, लंगडणे सुरू झाले तर थांबू नका.
• न्हाणीघर कोरडे ठेवा, रात्री दिवा असू द्या.
• डॉक्टरांनी सांगितले तेवढे रोज चाला. भार मिळाला तरच हाड टिकते.