आयपीएलचा साचा आणि मुलींचा फुटबॉल

2019 च्या मे महिन्यात देशात तीन स्पर्धा एकाच वेळी चालू होत्या. पहिली आयपीएल. तिचा अंतिम सामना 12 मे रोजी हैदराबादला झाला आणि मुंबईने चेन्नईला एका धावेने हरवलं, हे क्रिकेटमधलं ओ की ठो न कळणाऱ्यांनाही कळलं. दुसरी, त्याच आयपीएलच्या पोटात जयपूरला भरवलेली बायकांची स्पर्धा: तीन संघ, चार सामने. तिसरी म्हणजे बायकांची राष्ट्रीय फुटबॉल लीग. लुधियानाच्या उन्हात 12 संघांची अख्खी लीग अडीच आठवड्यांत उरकली गेली. त्यात आपल्या कोल्हापूरचाही एक संघ होता. आपल्यापैकी किती जणींच्या कानावर ही बातमी आली?

अशा वेळी सगळे पटकन म्हणतात, क्रिकेटने फुटबॉल खाल्ला. त्यात तथ्य आहेच. 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. एवढा पैसा ओतणारी कंपनी उन्हाळ्यातल्या प्रत्येक संध्याकाळी तोच खेळ दाखवणार, आणि जाहिरातदारही तिथेच जाणार. (घरातला रिमोट कुणाच्या हातात असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.)

पण मला याहून मोठं नुकसान वेगळंच वाटतं. आयपीएल हा आता साचा झाला आहे. कुठलाही खेळ 'वाढवायचा' म्हटलं की शहरांच्या नावाचे संघ, श्रीमंत मालक, सिनेनट आणि रात्रीचा झगमगाट, एवढंच सुचतं. फुटबॉल महासंघाने डिसेंबर 2010 मध्ये रिलायन्स आणि आयएमजी यांच्याशी 15 वर्षांचा करार केला. त्यातून 2014 मध्ये आयएसएल निघाली. मालकांत सचिन, गांगुली, धोनी, कोहली अशी नावं झळकली. म्हणजे फुटबॉल विकायलाही क्रिकेटवालेच लागले! जगभर फुटबॉलची रीत अशी की लहान गावातला क्लबसुद्धा सामने जिंकत वरच्या लीगमध्ये चढतो. इथे पहिली कित्येक वर्षं पैसे भरून जागा घ्यावी लागे. क्रिकेटला निदान शाळांचे सामने, क्लब, रणजी असा जुना पाया होता, आयपीएल त्यावर उभी राहिली. फुटबॉलमध्ये वरचा मजला आधी सजवला. पुढे त्या कराराच्या नूतनीकरणाचं भिजत घोंगडं पडलं आणि 2025 च्या जुलैत लीगच थांबवावी लागली. हंगाम महिनोन्महिने लांबला.

अशा इमारतीला तडा गेला की आधी कोण बाहेर पडतं? मार्च 2023 मध्ये केरळा ब्लास्टर्सचा पुरुष संघ पंचांच्या निर्णयावर रागावून बंगळुरूविरुद्धचा सामना अर्धवट सोडून निघून गेला. महासंघाने क्लबला 4 कोटींचा दंड केला. जूनमध्ये क्लबने जाहीर केलं की दंडामुळे पैशाची ओढाताण आहे, सबब महिला संघ तूर्त बंद. मैदान सोडलं पुरुषांनी, घरी बसल्या बायका. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट 2022 मध्ये, महासंघाच्या कारभाराच्या भांडणात फिफाने भारताला निलंबित केलं. त्या वेळी गोकुलम केरळाच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. खेळायला न मिळताच परतल्या. खुर्च्यांच्या त्या भांडणाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

आता क्रिकेट खेळणाऱ्या मुलींविषयी. 2023 मध्ये बायकांची प्रीमियर लीग सुरू झाली. पाच संघ मिळून 4,669.99 कोटींना विकले गेले, आणि सांगलीच्या स्मृती मानधनाला 3 कोटी 40 लाखांची बोली लागली. मला याचा आनंदच झाला. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या वस्तीत रात्री उशिरापर्यंत बायका रस्त्यावर होत्या. तेव्हा फुटबॉलचा कैवार घेताना या मुलींच्या यशाकडे बोट दाखवून नाकं मुरडू नयेत. त्यांनाही पुरुषांच्या लीगनंतर 15 वर्षं थांबावं लागलं, आणि ही 15 वर्षं 'बायकांचं क्रिकेट बघतं कोण' हेच ऐकावं लागलं.

तरी फरक पाहाच. त्या लिलावात देशासाठी एकही सामना न खेळलेल्या मुलीची बोलीसुद्धा 10 लाखांपासून सुरू होत होती. त्याच वर्षी फुटबॉल महासंघाने ठरवलं की लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला 3 लाख 20 हजार द्यावेत. तरीही 5 जुलै 2025 ला याच मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 असं हरवलं आणि पात्रता फेरी जिंकून आशिया चषकात पहिल्यांदाच जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बास्फोरचे.

मग काय, बायकांच्या फुटबॉललाही लिलाव आणि मालक द्यायचे? मला ते पटत नाही. फुटबॉलला लीगवाचून जगता येतं याचा पुरावा आपल्याजवळ आहे. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ पेठांच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले. शाहू स्टेडियम भरायला सिनेनट लागत नाही. पण तालीम पुरुषांची, पेठेची इभ्रतही पुरुषांची. त्या घरांतल्या मुलींनी सामन्याच्या दिवशी फार तर डबे भरले. म्हणून 'बाजार वाईट, परंपरा चांगली' असं सोपं उत्तर मला देता येत नाही.

आम्हाला रोज नडतं ते मैदान. आमच्या गटातल्या मुली दोन वर्षं पालिकेच्या मैदानावर वेळ मागत आहेत. सकाळी क्रिकेटचे कोचिंग क्लास, संध्याकाळी टेनिस बॉलच्या स्पर्धा. नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या या स्पर्धांतही आता मालक आहेत आणि खेळाडूंचा लिलावही! साचा गल्लीपर्यंत पोचला तो असा. जवळच टर्फ झालं आहे, पण तिथे तासावर भाडं, आणि परवडेल अशी वेळ मिळते ती रात्री अकरानंतर. त्या वेळी कोणत्या घरातून मुलगी बाहेर पडेल?

मुंब्र्यात परचम गटाच्या मुलींनी फुटबॉल खेळायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी सह्या गोळा करून मुलींसाठी मैदानच मागितलं. आम्ही त्याच वाटेने निघालो आहोत. गेल्या महिन्यात माहितीच्या अधिकारात अर्ज दिला: मागच्या तीन वर्षांत हे मैदान कुणाला, कोणत्या वेळेला, किती भाड्याने दिलं, आणि तिथल्या संडासाची किल्ली कुणाकडे असते. तुमच्या गावातल्या मैदानासाठी असा अर्ज करायचा असेल तर आमच्या अर्जाची नक्कल मासिकाच्या कार्यालयात ठेवली आहे.