गळकी गच्ची आणि शेजारधर्म

पावसाळ्याला महिना-दीड महिना उरला की शहरांतील जुन्या इमारतींमध्ये एका ठरावीक वादाला तोंड फुटते. गच्चीला तडे गेलेले असतात, वरच्या मजल्याच्या छताला गेल्या वर्षीच ओल आलेली असते, कंत्राटदाराने खर्चाचा अंदाजही दिलेला असतो. वर्गणीची यादी फिरू लागताच तळमजल्यावरील एखादे गृहस्थ शांतपणे विचारतात, ‘‘गळते तुमच्याकडे, मग पैसे आम्ही का द्यावेत?’’ त्यानंतर जिन्यातील बोलणेचालणे थांबते आणि दुरुस्ती राहून जाते. हा वाद वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु मध्यमवर्गीय माणसाची आयुष्यभराची बचत ज्या चार भिंतींत गुंतलेली असते, त्या भिंतींचे आयुष्य पुष्कळदा याच वादाच्या निकालावर अवलंबून असते.

वर्गणी नाकारणाऱ्या शेजाऱ्यास आप्पलपोटा ठरवून मोकळे होण्याची आपली रीत आहे. ती सोयीची आहे. पण निदान चुकले की उपायही चुकतो. नकार एकच असला तरी त्यामागील कारणे निरनिराळी असतात आणि प्रत्येकाचे औषध वेगळे असते.

काहींना आपला संबंधच पटलेला नसतो. त्यांना समजावून सांगितले पाहिजे की, पाणी मजल्यांचा भेद मानीत नाही. तड्यांतून मुरलेले पाणी स्लॅबमधील सळईपर्यंत जाते, सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्यामुळे काँक्रीट आतून फुटू लागते. वरचा मजला ज्या खांबांवर आणि तुळयांवर उभा असतो, त्यांच्यावरच खालचाही उभा असतो. उद्या तळमजल्यापाशी सांडपाण्याचे चेंबर तुंबले, तर ‘आम्ही वर राहतो’ असे म्हणून वरच्यांनाही हात झटकता येणार नाहीत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी हेच तत्त्व स्वीकारले आहे. गच्चीतून होणारी पावसाची गळती आणि सामाईक नळ यांचा खर्च संस्थेचा. स्वतःच्या न्हाणीघरातील गळतीचा खर्च त्या सभासदाचा. ज्याची मालकी सामाईक, त्याचा भारही सामाईक, इतके हे सरळ आहे.

दुसऱ्या वर्गाला हे सारे कळते, किंबहुना फारच चांगले कळते. समजा, आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत गच्चीचा खर्च चार लाख रुपये आहे. प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास हजार येतात. एकाने नकार दिला तर उरलेल्या सातांना सुमारे सात हजार रुपये अधिक द्यावे लागतात. नाकारणाऱ्याचे पन्नास हजार वाचतात आणि गच्ची त्याच्याही डोक्यावर तितकीच कोरडी राहते! हाच हिशेब आठही जणांनी केला की गच्ची गळतच राहते. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने १७४० साली नेमका हा पेच मांडला होता. दोन शेजारी मिळून सामाईक कुरणातील पाणी काढू शकतात, कारण एकाने अंग काढले तर काम बुडणार हे दोघांनाही दिसते. हजार माणसांत मात्र जो तो भार दुसऱ्यावर ढकलू पाहतो. मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली याच विचाराला शास्त्रीय रूप दिले. म्हणजे दोष केवळ स्वभावाचा नव्हे. ज्या व्यवस्थेत नकार फायद्याचा ठरतो, त्या व्यवस्थेचाही आहे.

तिसरा वर्ग ऐपत नसलेल्यांचा. निवृत्तिवेतनावर दोन जीव जगविणाऱ्या वृद्धाला एकरकमी पन्नास हजार मागणे आणि तो नाही म्हणाला की त्याचे नाव फलकावर झळकविणे, यात शेजारधर्म नाही आणि व्यवहारही नाही. ‘देणार नाही’ आणि ‘देऊ शकत नाही’ यांतील अंतर ओळखून त्याला हप्ते बांधून देणे हे इतरांचे कर्तव्य आहे.

या तिन्हींवरील खरा उपाय छत गळू लागण्यापूर्वीच करावयाचा असतो. आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का वर्गणी सांगितली आहे. बांधकाम खर्च वीस लाख धरला तर दुरुस्ती निधीचे वर्षाला पंधरा हजार, म्हणजे महिना साडेबाराशे रुपये होतात. वरच्या उदाहरणातील आठ बिऱ्हाडे याच दराने साडेतीन वर्षांच्या आत चार लाख जमवतील. साडेबाराशे रुपयांना सहसा कोणी अडवीत नाही. पन्नास हजारांना सारेच अडतात. तरीही मासिक आकार कमी ठेवून सभासदांना खूश राखण्याकडेच कित्येक समित्यांचा कल असतो.

निधी समितीच्या घशात जातो, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो नेहमीच निराधार नसतो. म्हणूनच किमान तीन कंत्राटदारांचे दर सर्वांपुढे ठेवणे आणि काम संपताच पावत्यांसह हिशेब मांडणे हे दुरुस्तीइतकेच आवश्यक आहे. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत पाटांची देखभाल शेतकऱ्यांनी मिळून पिढ्यान्‌पिढ्या केली, कारण पाणी आणि काम यांची वाटणी सर्वांच्या डोळ्यांदेखत होत असे. जिथे हिशेब उघडा, तिथे नकाराला सबब उरत नाही.

सोसायटीजवळ थकबाकी वसूल करण्याचा कायदेशीर मार्ग तरी असतो. भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरे, भावाभावांत मजल्यांनी वाटला गेलेला बंगला, येथे तोही नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या ७० व्या कलमानुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीररीत्या केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला तर त्याने भरपाई दिली पाहिजे. परंतु ते न्यायालयात सिद्ध करण्यात वर्षे आणि पैसा जातो. त्यापेक्षा काम सुरू करण्याआधी खर्चाचे अंदाजपत्रक, प्रत्येकाचा वाटा आणि हप्ते यांचा एक साधा कागद करून सह्या घेणे शहाणपणाचे. शेजाऱ्याकडून लिहून घेणे आपल्याकडे अविश्वासाचे लक्षण समजतात. वास्तविक संबंध टिकतात ते त्यामुळेच.

सामंजस्य नसले की काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला ती आपली वाटेना. अखेर १९६९ साली कायदा करून शासनाला दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले आणि उपकर बसवावा लागला. आपल्या घराची डागडुजी आपण शेजाऱ्यांनी मिळून करावयाची, की सक्तीची वाट पाहावयाची, हे आपणच ठरवावे. पाऊस मात्र कोणाच्या ठरावासाठी थांबणार नाही.