तेंदूपत्त्यावर टॅक्स कसा लागतो? सीएच्या पेपरमधला धानोऱ्याचा प्रश्न

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, पुडे बांधायचे आणि फळीवर मोजून द्यायचे. सीए इंटरमिजिएटची एक परीक्षाही मे महिन्यातच असते. तिथला तिसरा पेपर टॅक्सेशनचा, 50 मार्क इन्कम टॅक्स आणि 50 मार्क जीएसटी.

या पेपरचा आणि त्या पानांचा थेट संबंध आहे. विक्रेत्याने खरेदीदाराकडून आधीच कर गोळा करायचा, याला टीसीएस म्हणतात. त्याच्या यादीत दारू आणि भंगारासोबत तेंदूपत्त्याचं स्पष्ट नाव आहे. त्यावरचा 5 टक्के दर 2 टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव 2026 च्या अर्थसंकल्पात होता. जीएसटी तर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आला. शेतकऱ्याकडून पानं घेतली तर हा जीएसटी खरेदीदारानेच भरायचा, म्हणजे रिव्हर्स चार्ज.

मग शेतीचं उत्पन्न करमुक्त असताना इथे कर कसा? कारण 1957 साली राजा बिनयकुमार सहस रॉय खटल्यात सुप्रीम कोर्टाने कसोटी ठरवली : नांगरणी, पेरणी, लागवड अशी मूळ मेहनत असेल तरच ती शेती. जंगलात आपोआप उगवलेलं त्यात बसत नाही. पानं तोडताना कंबर मोडते ही गोष्ट वेगळी, कायदा ती मोजत नाही.

दुसरा गैरसमज आदिवासींच्या करमाफीचा. 1961 च्या कायद्यातलं कलम 10(26) ईशान्येकडच्या ठरावीक भागांना आणि लडाखला लागू होतं. गडचिरोली पाचव्या अनुसूचीत येते, त्यामुळे इथल्या आदिवासी शिक्षकाच्या पगारावर नेहमीप्रमाणे टॅक्स लागतो.

त्यात आता अभ्यासक्रमाखालची जमीनच सरकली आहे. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा इन्कम टॅक्स कायदा लागू झाला. 819 कलमांची 536 झाली, 'प्रीव्हियस इयर' आणि 'असेसमेंट इयर' जाऊन एकच 'टॅक्स इयर' आलं. टीसीएसचं पाठ केलेलं 206सी आता 394 आहे. तत्त्वं बरीचशी तीच आहेत, पण तोंडात बसलेले आकडे पुसायला वेळ लागतो.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र पुस्तकात सहसा सापडत नाही. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक आलं. म्हणजे विक्रेता ग्रामसभा. पण टीसीएससाठी 'विक्रेता' कोण, याच्या यादीत सरकार, स्थानिक प्राधिकरण, कंपनी, सहकारी संस्था आहेत. ग्रामसभा हा शब्द नाही. पंचायतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण राज्यघटनेच्या कलम 243 मध्ये पंचायत आणि ग्रामसभा यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. मग ग्रामसभेला कर कोण म्हणून लावायचा? व्यक्तींचा समूह म्हणून की स्थानिक प्राधिकरण म्हणून? उत्तरावर गावाच्या खात्यात किती पैसे उरणार ते ठरतं, आणि हिशेब लिहायला सीए शोधावा लागतो.