रुग्णपत्रिका आणि वकीलपत्र

आरोग्यशास्त्राची पदवी पदरी असताना एखादा विद्यार्थी विधि महाविद्यालयाची पायरी चढतो आणि पुढे खटले चालविण्याचाच व्यवसाय पत्करतो, तेव्हा घरची वडीलधारी मंडळी हळहळतात. आम्हांस मात्र त्यात काही वाया गेलेसे वाटत नाही. १९५३ च्या मे महिन्यात पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेला एक तरुण पुण्यास आणला गेला. पुरेशी भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या मात्रेवर, बळ लावून हाड बसविल्याच्या आघाताने तो दगावला, की शल्यचिकित्सकाच्या कैफियतीप्रमाणे मेदकणांनी रक्तप्रवाह अडल्यामुळे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६८ साली फिर्यादी पित्याच्या बाजूने निकालात निघाला. पिता स्वतः वैद्यकव्यवसायी होता, हे येथे विसरता येत नाही. १९९५ च्या निवाड्याने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आल्यापासून तर असे दावे पुष्कळच वाढले. परंतु मात्रा, वेळ आणि नाडीचे आकडे वाचून उलटतपासणीत नेमका प्रश्न विचारणारा वकील अजूनही विरळाच. अशाच एका विद्यार्थ्याचे अनुभवकथन या अंकात आहे. त्यातील पहिल्या जबानीचा प्रसंग वाचकांनी सावकाश वाचावा.