आधी वायरिंग, मग मॉड्युलर किचन



घराचं काम काढलं की आपली यादी ठरलेली असते. ट्रॉल्यांचं किचन, फॉल सीलिंग, देवघराला संगमरवर, नवा रंग. वायरिंग असलंच तर शेवटी, "उरले पैसे तर बघू" या खात्यात. माझं मत अगदी उलट आहे. जुन्या घरात पहिला खर्च वायरिंगवर व्हावा, आणि तो आग्रह घरातल्या बाईने धरावा. ओल्या हातांनी दिवसभर बटणं दाबतो त्या आपणच!

आपल्या स्वयंपाकघराचंच बघा. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपायची म्हणून संध्याकाळी सगळं एकदम चालू असतं. इंडक्शन 2000 वॅट, पाण्याची किटली 1500, मिक्सर 750. बेरीज 4250 वॅट, म्हणजे 230 व्होल्टला साधारण साडेअठरा अँपिअर. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची वायर टाकली तेव्हा स्वयंपाकघरात एक दिवा, एक पंखा आणि फार तर मिक्सर होता. त्या वायरीने हा भार कसा सोसायचा?

मग एमसीबी सारखा पडतो. त्यावर ठरलेला उपाय म्हणजे "मोठ्या अँपिअरचा टाकून देतो, पडणारच नाही." मैत्रिणींनो, याला कधीही हो म्हणू नका. एमसीबी पडतो तो वायर तापून जळू नये म्हणून. वायर तीच ठेवून मोठा एमसीबी बसवला, तर तो पडणार नाही, पण भिंतीत वायर तापत राहील. जुन्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणं हाही तोच प्रकार.

दुसरी गोष्ट, एमसीबी वायरला जपतो, माणसाला नाही. शॉकपासून वाचायला चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गेलेला आणि परत आलेला प्रवाह जुळला नाही, म्हणजे कुठेतरी, कदाचित कुणाच्या अंगातून, वीज जमिनीत जात असेल, तर तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावर 'टेस्ट'चं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून बघा. आणि तो वारंवार पडत असेल तर काढून टाकू नका, कोणतं उपकरण गळतंय ते शोधा.

आमच्या सांगलीच्या घरात गेल्या वर्षी हे काम झालं. आठ दिवस भिंती फोडलेल्या, डब्यांवर धूळ, सगळा स्वयंपाक एका बोर्डावर. सासूबाई म्हणाल्या, "एवढा खर्च केला, पण दिसतंय काय?" खरंच, काही दिसत नाही. पण रंग पाच वर्षांनी पुन्हा देता येतो. नव्या टाइल्स लावल्यावर मात्र वायरीसाठी भिंत फोडायला कुणाचं मन होत नाही. म्हणूनच हे आधी.

काम देताना एवढं विचारा. वायरमन परवानाधारक आहे का? वायर तांब्याची आणि आयएसआय मार्कची आहे का? दिव्यांना दीड एमएम, स्वयंपाकघरातल्या 16 अँपिअरच्या सॉकेटला किमान अडीच, गीझर आणि एसीला चार एमएमची स्वतंत्र लाइन आहे का? प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थिंगची हिरवी वायर पोचली आहे का? सोबत वीजबिलावरचा मंजूर भारही बघा. एसी किंवा इंडक्शन वाढवणार असाल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा.

आणि हे प्रश्न "ह्यांना विचारून सांगते" म्हणून पुढे ढकलू नका. वायरमन घरी येईल तेव्हा आपणच समोर उभं राहून विचारा.