काजळीची गाळणी आणि दुरुस्तीचे कुलूप

ट्रॅक्टरच्या धुराला वेसण घालण्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन आरोळ्या ठरलेल्या असतात. एक शेतकऱ्याच्या नावाने उठते : ‘ही परदेशी थेरे आमच्या शेतकऱ्याला परवडणार नाहीत!’ दुसरी पर्यावरणाच्या नावाने उठते : ‘कायदा आहे, तो पाळलाच पाहिजे!’ पहिली आरोळी ज्यांच्या कंठातून निघते त्यांचा घरोबा शेतकऱ्यापेक्षा कारखानदाराशी अधिक असतो. आणि दुसरी देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ऐन पेरणीत बांधावर अडकून पडलेला ट्रॅक्टर कधी पाहिलेला नसतो. या गदारोळात मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही. धूर गाळणारे यंत्र बिघडले, तर ते दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा? ज्याने पैसे मोजून ट्रॅक्टर घेतला त्याचा, की ज्याने तो विकला त्याचा?

प्रश्न तांत्रिक वाटतो, पण तो निखळ अर्थशास्त्राचा आहे. आणि अर्थशास्त्राचा आहे म्हणूनच राजकारणाचा आहे. मात्र त्यावर मत देण्यापूर्वी यंत्र समजून घेतले पाहिजे, कारण अज्ञानावरच या धंद्याची सारी मदार आहे.

डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, व्यवहारात डीपीएफ, ही धुराच्या वाटेवर बसवलेली सिरॅमिकची गाळणी होय. तिची रचना मधाच्या पोळ्यासारखी असते. तिच्या बारीक नळ्यांची तोंडे एकाआड एक बुजवलेली असतात. त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतींतून पार व्हावे लागते आणि त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक काजळी मागे अडकते. ही काजळी वेळोवेळी जाळली नाही तर गाळणी तुंबते. इंजिनावर चांगला भार असला, धूर पुरेसा तापला, म्हणजे ती चालता चालताच जळत राहते. तेवढी उष्णता मिळाली नाही, तर इंजिनाचा संगणक जादा डिझेल सोडून गाळणीचे तापमान साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढवतो आणि साचलेली काजळी जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात. इंजिन ऑईलमधील रसायनांची राख मात्र जळत नाही. ती कणाकणाने साठते आणि काही हजार तासांच्या कामानंतर गाळणी उतरवून ती झाडून घ्यावी लागते. एवढेच ते गौडबंगाल! गावच्या मिस्त्रीला उमगू नये असे त्यात काहीही नाही.

दिवसभर खोल नांगरट करणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरला ही गाळणी सहसा छळत नाही, कारण त्याचे इंजिन तापलेले असते. तिची खरी गाठ पडते ती लहान, ज्याला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात त्या ट्रॅक्टरशी. गवत कापणे, शेणखत उचलणे, चार पोती इकडून तिकडे नेणे, मधेच अर्धा तास इंजिन नुसतेच चालू ठेवणे, अशी त्याची कामे. धूर तापत नाही, काजळी जळत नाही, आणि सुरू झालेले रिजनरेशन पुरे होण्याआधीच काम संपून किल्ली फिरवली जाते. म्हणजे यंत्र जितके लहान आणि मालक जितका लहान, तितका या गाळणीचा जाच अधिक.

अमेरिकेत हे आधी घडले, म्हणून तेथील अनुभव आपल्या कामाचा आहे. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २००४ साली जो नियम केला, त्यानुसार २५ ते ७५ अश्वशक्तीच्या इंजिनांना २०१३ पासून दर किलोवॅट-तासाला ०.०३ ग्रॅम काजळीची मर्यादा आली. २५ अश्वशक्तीच्या खालच्या इंजिनांना मात्र ०.४० ग्रॅमची मुभा राहिली, म्हणजे तेरा पटींहून अधिक! परिणाम व्हायचा तोच झाला. २५ च्या किंचित खाली बसणाऱ्या लहान ट्रॅक्टरांची तेथे रेलचेल झाली. कायद्याची रेघ जेथे ओढली जाते, तेथेच बाजार आपली चूल मांडतो. आणि ज्याला कामासाठी रेघेच्या वरचाच ट्रॅक्टर लागतो, तो गाळणीच्या आणि तिच्यामागोमाग विक्रेत्याच्या दारी बांधला जातो.

आता या गाळणीचे बिघाड कसे शोधायचे ते पाहू. पहिली गोष्ट, दिवा लागला म्हणजे गाळणीच बिघडली असे नव्हे. रिजनरेशन रोखून धरण्यासाठी एक बटण असते. वाळल्या गवताजवळ किंवा गोठ्यात काम करताना तापलेल्या धुराने आग लागू नये म्हणून ते दाबायचे असते. पुष्कळदा ते दाबलेलेच राहून जाते आणि काजळी साचत जाते. हँडब्रेक लावलेला नसेल, पीटीओ चालू असेल, गिअर न्यूट्रलमध्ये नसेल, इंजिन थंड असेल, तर उभ्या जागेवरचे रिजनरेशन सुरूच होत नाही. येथवर दुरुस्ती कसली? ही केवळ माहिती झाली.

दुसरी गोष्ट, पूर्वी बऱ्याच तासांनी होणारे रिजनरेशन आता वरचेवर होऊ लागले, तर दोष गाळणीत नसून तिच्या मागे, इंजिनात शोधावा. एअर फिल्टर चोंदलेला असेल, टर्बोचा पाइप फुटून हवा गळत असेल, इंजेक्टर थेंब गाळत असेल, ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकला असेल. या दोषांकडे दुर्लक्ष करून नवी गाळणी बसवली, तर तीही तुंबणार. तिसरी गोष्ट, गाळणीच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन बारीक नळ्या. त्यातली एक तडकली वा बुजली की संगणकाला चुकीची खबर जाते आणि तो सुस्थितीतील गाळणीलाही दोषी ठरवतो. चौथी गोष्ट, ऑईलची पातळी. ती कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर अर्धवट सुटलेल्या रिजनरेशनमधले डिझेल ऑईलमध्ये उतरत आहे असे समजावे आणि ऑईल ताबडतोब बदलावे. अन्यथा बेअरिंगांवर बेतते. आणि ऑईल कमी राखेचेच वापरावे, कारण स्वस्ताईच्या मोहाने भरलेले दुसरे ऑईल गाळणीचे आयुष्य खाते.

या यादीतील बहुतेक कामे पाना, पक्कड आणि शहाणपण यांच्या बळावर होतात. मग अडते कोठे? अडते ते शेवटच्या पायरीवर. काजळी ठरावीक मर्यादेच्या आत असेतो चालक स्वतः बटण दाबून रिजनरेशन करू शकतो. ती मर्यादा ओलांडली की बहुतेक यंत्रांत ते बटण निकामी होते, इंजिन आपली शक्ती आवरते, आणि अधिकृत विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरवाचून पुढे पाऊल पडत नाही. नवा सेन्सर बसवला तरी त्याची संगणकाकडे नोंद करण्यासाठी पुन्हा तेच सॉफ्टवेअर. लोखंड शेतकऱ्याचे, डिझेल शेतकऱ्याचे, कर्जही शेतकऱ्याचे. किल्ली मात्र कंपनीची! जुन्या सावकाराला निदान जमिनीचे कागद लिहून घ्यावे लागत. या नव्या सावकाराला तेवढेही करावे लागत नाही.

अर्थशास्त्रात याला बांधील बाजारपेठ म्हणतात. ट्रॅक्टर विकत घेताना दहा उत्पादकांत स्पर्धा असते. विकत घेतल्यावर दुरुस्तीच्या बाजारात विक्रेता एकच उरतो. वाफसा निघून जात असताना घासाघीस करायला शेतकऱ्याला सवड नसते. तो मागतील ते पैसे देतो, आणि दोन दिवसांची वाट पाहण्याचा तोटा वेगळा सोसतो. लहान ट्रॅक्टरचा मालक तर शेजाऱ्यांची भाड्याची कामे करून हप्ते फेडत असतो. त्याच्या दृष्टीने बंद ट्रॅक्टर म्हणजे केवळ खर्च नव्हे, बुडालेली मिळकतही आहे.

कंपन्यांची यावर दोन उत्तरे आहेत. पहिले सुरक्षिततेचे. काजळी फार साचल्यावर ती पेटवली तर उष्णता आवरत नाही आणि गाळणी वितळू वा तडकू शकते. हे खरे आहे. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? हे काम प्रशिक्षित माणसाने करावे, एवढाच. तो माणूस कंपनीच्याच पगारावर असावा, असे त्यातून निघत नाही. विजेची तारही जीव घेते. म्हणून घरातील फ्यूज बदलायला वीज कंपनीचा माणूस बोलवावा, असा नियम कोणी केला नाही.

दुसरे उत्तर कायद्याचे. दुरुस्ती खुली केली तर लोक गाळण्या काढून फेकतील आणि हवेच्या कायद्याचा भंग होईल, असे सांगितले जाते. या युक्तिवादाची वासलात अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेच लावली. तिचे तेव्हाचे प्रमुख मायकेल रेगन यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल फार्मर्स युनियनला पत्र लिहून स्पष्ट केले की, स्वच्छ हवेचा कायदा शेतकऱ्याच्या दुरुस्तीच्या आड येत नाही. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये जॉन डियर कंपनीने तेथील एका बड्या शेतकरी संघटनेशी सामंजस्य करार करून काही साधने देण्याचे कबूल केले होते. बदल्यात संघटनेने दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्यांचा आग्रह सोडावा, अशी अट होती. कोलोराडो राज्याने मात्र त्याच वर्षी शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने दोन राज्यांसह याच कंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला. पूर्ण क्षमतेचे दुरुस्ती-सॉफ्टवेअर केवळ अधिकृत विक्रेत्यांच्याच हाती ठेवले जाते, हा त्यातील मुख्य आरोप. कंपनीने तो नाकारला. निकाल काहीही लागो, मुक्त बाजाराच्या पंढरीतच सरकारला शेतकऱ्याच्या पान्यासाठी न्यायालयात जावे लागले, हे पुरेसे बोलके आहे.

आता घराकडे वळू. आपल्याकडे ट्रॅक्टरांच्या धुराचा चौथा टप्पा ऑक्टोबर २०२० मध्ये यावयाचा होता. पुढे ढकलत ढकलत तो १ जानेवारी २०२३ ला आला, आणि तोही ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना. आपल्या देशात विकले जाणारे बहुसंख्य ट्रॅक्टर त्या रेघेच्या खाली आहेत. पाचवा टप्पा युरोपच्या धर्तीवर लहान इंजिनांपर्यंत पोहोचवण्याचे २०१८ सालीच ठरले. त्याचीही एप्रिल २०२४ ही तारीख पुढे गेली. त्या धर्तीवर काजळीचे वजनच नव्हे, कणांची संख्याही मोजली जाते. तेव्हा गाळणी टळणारी नाही. दर वेळी मुदतवाढ मागताना पुढे केला जातो तो गरीब शेतकरी. परंतु मिळालेल्या वर्षांत त्या शेतकऱ्याच्या मिस्त्रीला शिकवण्यासाठी कोणी काय केले, याचा हिशेब कोणी मागितला आहे काय?

येथे आपल्यातील काही मित्रांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. ‘गाळणीच नको’ ही घोषणा शेतकरी मेळाव्यात टाळ्या घेते, पण ती श्रमिकांच्या हिताची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. ट्रॅक्टरचा धूर पहिल्यांदा कोणाच्या छातीत जातो? मालक पुष्कळदा बांधावर असतो. स्टिअरिंगवर सालगडी असतो, मागे फवारणीच्या नळ्या ओढणारी रोजंदारीची माणसे असतात. त्यांच्या फुप्फुसांचा सौदा करून वाचवलेला खर्च ही शेतकऱ्याची बचत नव्हे. ती मजुराकडून घेतलेली बिनव्याजी उचल आहे. गाळणी हवीच. नको आहे ते कुलूप.

आणि हे कुलूप तोडण्याला आपल्याच देशात आधार आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना नाकारली, हा त्यांचा अपराध. २०१६ साली अपिलात तीन कंपन्यांचा दंड घटला, तरी दोषाचा निष्कर्ष कायम राहिला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पहिल्या चार क्षेत्रांत शेतीच्या अवजारांचा समावेश केला. त्याच डिसेंबरात एक पोर्टलही उघडले. पण पोर्टलवर कंपनीने स्वखुशीने माहिती टाकणे आणि कायद्याने ती देणे भाग पडणे, यात दान आणि हक्क यांच्याइतके अंतर आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. गाळणी असलेला ट्रॅक्टर विकण्याच्या परवान्यालाच या अटी जोडाव्यात. बिघाडाचा नुसता आकडा न दाखवता त्याचा अर्थ शेतकऱ्याच्या भाषेत पडद्यावर यावा. रिजनरेशन करण्याचे आणि सेन्सर नोंदवण्याचे साधन कोणत्याही प्रशिक्षित मिस्त्रीला वाजवी दरात मिळावे. अमेरिकेत या वर्गातील इंजिनांच्या उत्सर्जन यंत्रणेला पाच वर्षे वा तीन हजार तासांची हमी कायद्यानेच द्यावी लागते. येथेही त्याहून कमी चालू नये. बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची परीक्षा होते, तेव्हा हलक्या, थांबत थांबत चालणाऱ्या कामात गाळणी किती वेळा तुंबते याचीही नोंद अहवालात व्हावी. आयटीआयमधून या कामाचा अभ्यासक्रम सुरू व्हावा. राख झाडण्याची भट्टी प्रत्येक शेतकऱ्याने घेण्याची गरज नाही. सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये किंवा तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात एक असली तरी पंचक्रोशीचे काम भागेल. सहकार म्हणतात तो यासाठीच ना?

लहान ट्रॅक्टरांवर गाळण्या चढल्यानंतर, हजारो शेतकरी विक्रेत्याच्या दारात उभे राहिल्यानंतर मोर्चा काढण्यात पुरुषार्थ नाही. नियम अजून घडत आहेत, मुदती अजून मागितल्या जात आहेत. मुदत मागणाऱ्याकडून किल्ली मागून घेण्याची हीच वेळ आहे.