कागदपत्रे आधी, स्वाक्षरी नंतर

‘महाविद्यालय निश्चित झाले की कर्जाचा अर्ज करू,’ अशी बहुतेक पालकांची धारणा असते. ती महागात पडू शकते. कारण शुल्क भरण्याची मुदत बँकेच्या सोयीने ठरत नसते.

अमेरिकेत संघीय शैक्षणिक साहाय्यासाठीचा ‘फाफ्सा’ हा अर्ज विद्यार्थी प्रवेश ठरण्यापूर्वीच भरतात. ऑनलाइन अर्जात २० महाविद्यालयांपर्यंत नावे देता येतात. प्रवेश देणारी महाविद्यालये साहाय्याचे प्रस्ताव पाठवितात व कुटुंब त्यांची तुलना करून निवड करते. अर्ज केला म्हणून कर्ज घेण्याचे बंधन नसते.

भारतात कर्जमंजुरी प्रवेशपत्र व शुल्कपत्रकाशी निगडित असते. तथापि उत्पन्नाचे पुरावे, ओळखपत्रे व गुणपत्रिका कोणत्याही महाविद्यालयासाठी त्याच लागतात. तारण द्यावयाचे असल्यास मालमत्तेचा सर्च रिपोर्ट व मूल्यांकन यांना वेळ लागतो. ही कामे निकालापर्यंत थांबविण्याचे कारण नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक दर्जेदार संस्थांसाठी तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते. म्हणजेच दोन महाविद्यालयांतील निवड ही कर्जाच्या अटींचीही निवड असते. ती तुलना करण्यास सवड हवी.

शाखांनीही केवळ प्रवेशपत्राअभावी विद्यार्थ्यास परत न पाठविता उर्वरित कागदपत्रांची पडताळणी सुरू करावी. तयारी लवकर झाली, तरच करारावरील स्वाक्षरी विचारपूर्वक होईल.